त्वचास्नायूची प्रतिक्षिप्त क्रिया कधी दिसते, कधी नाही: मोजणीतल्या चढउतारांचे मूळ कसे शोधावे

प्राण्याच्या पाठीवरच्या त्वचेला चिमटा घेतला की कातडी थरथरते, आणि ही थरथर मोजून स्थानिक भूल, वेदनाशामके किंवा मज्जारज्जूची इजा यांचा अभ्यास करता येतो, असे हे तंत्र कागदावर अगदी सरळ दिसते. प्रयोगशाळेत मात्र तक्रार पुन्हा पुन्हा एकाच तऱ्हेची येते. काल ज्या प्राण्यात प्रतिसाद ठळक होता त्यात आज तो नसतो. सत्राच्या सुरुवातीला दिसलेला प्रतिसाद तासाभरात विरून जातो. आणि सर्वांत त्रासदायक म्हणजे, ज्या गटाला औषध दिलेलेच नाही त्यातही तो मधूनच गायब होतो. एकदा असे झाले की उपचारित गटात प्रतिसाद नसणे हा औषधाचा परिणाम आहे की मोजणीचा दोष, हे सांगता येत नाही आणि सगळी नोंदच संशयास्पद होते.

या तक्रारीच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट असते: प्रतिसाद न दिसणे हाच पुरावा मानला जातो. तो तसा नाही. त्याच प्राण्यात, त्याच मिनिटाला, औषध किंवा इजा यांचा संबंध नसलेल्या त्वचेवर, म्हणजे नियंत्रण जागेवर, तेवढ्याच जोराने टोचल्यावर प्रतिसाद आला, तरच तपासलेल्या जागी तो न येण्याला अर्थ असतो. ही जोडनोंद ज्या वहीत नाही त्या वहीतला प्रत्येक शून्य हा रिकामा रकाना समजावा. पुढची सगळी तपासणी या जोडनोंदीच्या आधारानेच करायची आहे.

आधी मार्ग समजून घ्या

रॅट, माउस, गिनीपिग आणि इतर अनेक सस्तन प्राण्यांत छाती-पोटाच्या त्वचेखाली स्नायूचा एक पातळ पडदा असतो. पाठीच्या त्वचेतली संवेदना पृष्ठीय त्वचा-चेतांमधून त्या त्या पातळीवर मज्जारज्जूत शिरते, मज्जारज्जूतूनच वर मानेच्या आणि छातीच्या मणक्यांच्या सांध्यापर्यंत जाते आणि तिथल्या प्रेरक चेतापेशींना जागे करते. या पेशींचे तंतू भुजाजालातून (काखेजवळच्या चेतांच्या जाळ्यातून) निघणाऱ्या पार्श्व वक्षीय चेतेमार्फत पुन्हा खाली स्नायूपर्यंत येतात. म्हणजे संवेदना शिरते पाठीच्या मध्यावर आणि हुकूम सुटतो खांद्याच्या पातळीवरून. सामान्य पायाच्या प्रतिक्षिप्त क्रियेत आत जाणारा आणि बाहेर येणारा मार्ग मज्जारज्जूच्या जवळजवळच्या पातळीवर असतो. इथे तसे नाही, आणि दोष शोधताना ही रचनाच सर्वांत जास्त उपयोगी पडते.

आणखी दोन गुणधर्म ध्यानात ठेवावेत. पहिला, एका बाजूला टोचले तरी आकुंचन दोन्ही बाजूंना होते, जरी टोचलेल्या बाजूला ते बहुधा अधिक ठळक असते. दुसरा, आकुंचन साऱ्या पडद्यावर सारखे पसरत नाही. थेरिऑल्ट आणि डायमंड यांनी 1988 मध्ये रॅटमध्ये दाखवले की वेदनाकारक उद्दीपनाने या स्नायूचे स्थानिक आकुंचन होते, म्हणजे टोचलेल्या भागाजवळचा पट्टाच प्रामुख्याने आखडतो.

गोठ्यातली गाय अंगावर माशी बसताच कातडी थरथरवते, हे ज्याने पाहिले आहे त्याला वाटते की नुसत्या स्पर्शाने रॅटची त्वचाही हलायला हवी. रॅटमध्ये हलका स्पर्श सहसा पुरत नाही. ही क्रिया मुख्यतः एडेल्टा (वेगवान) आणि सी (संथ) या वेदनावाहक तंतूंवर चालते. गिनीपिगमध्ये मात्र स्पर्शानेही त्वचा हलते. एका प्राण्यावर बसवलेली पद्धत दुसऱ्या प्राण्यावर जशीच्या तशी उचलली की पहिली गडबड इथेच होते.

दोष संवेदी बाजूला की प्रेरक बाजूला

प्रतिसाद हरवला की लगेच औषधाची मात्रा किंवा भुलीचे यंत्र तपासायला धावू नये. आधी पाठीवर चार जागा निवडाव्यात: डावीकडे वर, डावीकडे खाली, उजवीकडे वर, उजवीकडे खाली. प्रत्येक जागी एकदा चिमटा घ्यावा आणि प्रत्येक वेळी दोन गोष्टी स्वतंत्रपणे लिहाव्यात, डावा स्नायू हलला का आणि उजवा हलला का. नुसते ‘प्रतिसाद आला’ असे लिहिणाऱ्याच्या हातून निम्मी माहिती तिथेच निसटते.

समजा डाव्या बाजूला कुठेही टोचले तरी दोन्ही बाजू शांत आहेत, पण उजवीकडे टोचताच दोन्ही बाजू हलतात. याचा अर्थ डावा स्नायू आणि त्याची प्रेरक चेता उत्तम आहेत, कारण उजवीकडून आलेल्या हाकेला तो ओ देतो आहे. दोष डाव्या संवेदी वाटेत आहे: त्वचा बधिर झाली आहे, त्वचा-चेता तुटली आहे किंवा मज्जारज्जूतली त्या बाजूची वाट अडली आहे. याउलट, कुठेही टोचले तरी उजवा स्नायू हलतो आणि डावा कधीच हलत नाही, असे दिसले तर संवेदना पोहोचते आहे आणि डाव्या प्रेरक बाजूला बिघाड आहे.

हा दुसरा प्रकार वाटतो तितका दुर्मीळ नाही आणि त्याचे कारण बहुधा प्रयोगाच्या टेबलावरच सापडते. भूल दिलेल्या प्राण्याचे पुढचे पाय दोऱ्याने किंवा चिकटपट्टीने पुढे आणि बाहेर जोरात ताणून बांधले जातात, आणि त्याबरोबर भुजाजालही ताणले जाते. पार्श्व वक्षीय चेता तिथूनच निघत असल्याने त्या बाजूचा प्रतिसाद क्षीण होतो किंवा नाहीसा होतो. दोर सैल करून पुढचे पाय अंगाजवळ, नैसर्गिक स्थितीत ठेवावेत आणि काही मिनिटांनी पुन्हा चार जागा तपासाव्यात. काखेजवळून शिर शोधण्यासाठी किंवा इतर कारणाने चिरा दिला असेल तर ही चेता थेट दुखावलेली असू शकते, आणि मग त्या बाजूच्या स्नायूची नोंद प्रयोगातून वगळण्याखेरीज मार्ग नसतो.

तिसरा प्रकार म्हणजे चारही जागी, दोन्ही बाजूंनी, काहीच नाही. इतका सरसकट अभाव स्थानिक कारणाने क्वचितच होतो. तो भुलीची खोली, शरीराचे तापमान किंवा संपूर्ण शरीरात पसरलेले औषध यांच्याकडे बोट दाखवतो. चौथा प्रकार म्हणजे वरच्या जागी प्रतिसाद आहे आणि खालच्या जागी दोन्ही बाजूंना नाही; इथे मज्जारज्जूच्या मधल्या भागात खंड पडला आहे असे मानून चालावे, मग तो मुद्दाम केलेला असो वा शस्त्रक्रियेत चुकून झालेला.

ही चार टोकांची तपासणी दोन मिनिटांत होते. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी ती करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या प्राण्यात सत्राच्या शेवटी नियंत्रण जागेवरचा प्रतिसादही उरलेला नाही, त्याच्या मधल्या नोंदी नेमक्या कुठपर्यंत विश्वासार्ह होत्या हे नंतर कोणालाही सांगता येत नाही.

भूल आणि तापमान

सरसकट अभावाचे सर्वांत मोठे कारण भूल हेच असते, आणि त्यातही भुलीचे प्रमाण चुकल्यापेक्षा ते सत्रभर स्थिर न राहिल्याने अधिक घोटाळे होतात. पेंटोबार्बिटालची एक मात्रा पोटात देऊन काम केले तर पहिल्या टप्प्यात भूल खोल असते, मग ती हळूहळू उथळ होते आणि पुरवणी मात्रा देताच पुन्हा एकदम खोल जाते. प्रतिसादाचा आलेख मग औषधाऐवजी भुलीचाच चढउतार दाखवतो. पुरवणी मात्रा कधी दिली हे नोंदवहीत मिनिटासह लिहिले असेल तर हा संबंध आलेखावर लगेच दिसतो. लिहिले नसेल तर तो कधीच सापडत नाही.

आयसोफ्लुरेन या श्वासावाटे दिल्या जाणाऱ्या भुलीने स्थिरता मिळवणे सोपे, पण त्याची मेख वेगळी आहे. ज्या प्रमाणात वेदनाकारक उद्दीपनाला निम्मे प्राणी हालचाल करतात आणि निम्मे करत नाहीत, ते प्रमाण म्हणजे किमान वायुकोश सांद्रता (फुप्फुसाच्या वायुकोशांतले भुलीचे प्रमाण). रॅटमध्ये ती सुमारे 1.4 टक्के आहे. अनेक प्रयोगशाळा याच्या आसपास काम करतात, म्हणजे नेमक्या उंबरठ्यावर उभ्या राहून मोजतात. मग यंत्राच्या डायलवरचा थोडासा फरक किंवा तोंडावरच्या मुखवट्याची किंचित गळती एवढ्यानेही प्रतिसाद येतो किंवा जातो. उपाय हा की वास्तविक प्रयोगाआधी त्याच जातीच्या, त्याच वयाच्या प्राण्यांत प्रमाण पायरीपायरीने बदलून, नियंत्रण जागेवरचा प्रतिसाद कोणत्या पट्ट्यात खात्रीने टिकतो ते पाहावे, आणि भूल प्राण्याला पुरेशी राहील हे कायम ठेवून त्या पट्ट्याच्या मध्यावर काम करावे. प्रतिसाद मिळावा म्हणून भूल इतकी उथळ करणे की प्राणी वेदनेने जागा होईल, हे कोणतीही नैतिक समिती मान्य करणार नाही आणि शास्त्रदृष्ट्याही त्यातून काही साधत नाही.

केटामाइन आणि झायलाझिनचे मिश्रण या मोजणीसाठी मला अडचणीचे वाटते. झायलाझिन अल्फा-दोन ग्राहकांवर काम करणारे औषध आहे आणि ते मज्जारज्जूच्या पातळीवर स्वतःच वेदनाशामक आहे. केटामाइन वेदनासंदेश पुढे नेण्यात भाग घेणारे एनएमडीए ग्राहक रोखते. म्हणजे जी वाट मोजायची आहे तीवरच भुलीने आधी हात मारलेला असतो. शस्त्रक्रियेसाठी हे मिश्रण चांगले असले तरी मोजणीच्या दिवशी ते टाळता आले तर टाळावे.

शस्त्रक्रियेनंतर दिलेले ब्युप्रेनॉर्फिन हे वेदनाशामक किंवा चिऱ्याच्या कडेला दिलेले ब्युपिव्हेकेन हे स्थानिक भुलीचे औषध, हीही नेहमी विसरली जाणारी कारणे. वेदनाशामक बंद करणे हा याचा उपाय नव्हे. सर्व गटांत ते सारखेच द्यावे आणि शेवटच्या मात्रेपासून मोजणीपर्यंतचे अंतर सर्व प्राण्यांत एकसारखे व पुरेसे ठेवावे.

तापमानाचा प्रश्न भुलीशी जोडूनच येतो, कारण भूल दिलेला छोटा प्राणी झपाट्याने थंड होतो. पाठीचे केस काढलेले, त्वचा स्पिरिटने पुसलेली आणि खाली धातूचे टेबल, अशा स्थितीत तर फारच लवकर. थंडीने चेतातंतूंचा वेग मंदावतो, भूल अधिक खोल लागते, आणि प्रतिसाद उशिरा व अशक्तपणे येतो. गुदद्वारात तापमापक ठेवून गरम गादीने तापमान 37 अंशांच्या आसपास राखावे. पण हे अंतर्गत तापमान झाले. पाठीची उघडी त्वचा त्याहून बरीच थंड असू शकते, विशेषतः वातानुकूलन यंत्राचा झोत टेबलावर येत असेल तर. शरीराचे तापमान ठीक असूनही प्रतिसाद मंदावला असेल, तर त्वचेवर एक छोटा तापमापक टेकवून पाहावा.

टोचणारा हात आणि टोचली जाणारी त्वचा

हाताने घेतलेल्या चिमट्याचा जोर व्यक्तीगणिक आणि त्याच व्यक्तीच्या थकव्यागणिक बदलतो. एका गटाची मोजणी सकाळी एकाने आणि दुसऱ्या गटाची दुपारी दुसऱ्याने केली तर गटातला फरक माणसांतला फरक असू शकतो. स्थानिक भुलीच्या प्रयोगांत म्हणूनच व्हॉन फ्राय तंतूच्या (ठरावीक जोराला वाकणाऱ्या नायलॉनच्या तंतूच्या) टोकाला 18 गेजची सुई बसवून सुमारे 19 ग्रॅम जोराने टोचण्याची पद्धत रुळली आहे. तंतू वाकला की जोर त्यापुढे वाढत नाही, आणि सुई त्वचेत घुसायची नसते. पण नायलॉनचा तंतू हवेतल्या आर्द्रतेने मऊ होतो आणि वारंवार वापराने त्याला बाक येतो. सत्र सुरू करण्याआधी तो वजनकाट्यावर दाबून वाकण्याचा जोर पाहावा; फार सोपे काम आहे आणि फार कमी जण करतात.

सुईचे टोक बोथट होते हेही तसेच. भिंगाखाली धरून पाहिले तर थोड्या वापरानंतर टोकाला लहानसा हूक आलेला दिसतो. तो हूक त्वचेला ओढतो, आणि ओढली गेलेली त्वचा स्नायू न आखडताही हललेली भासते. प्रतिसाद पाहायचा तो टोचलेल्या बिंदूपाशी नाही, तर त्यापासून दूर, शक्य तर विरुद्ध बाजूच्या त्वचेवर. तिथे सुईने ढकलल्याची हालचाल पोहोचत नाही आणि स्नायूची थरथर मात्र पोहोचते. काजळ किंवा मार्करने पाठीवर ठिपक्यांची जाळी काढून बाजूने येणाऱ्या प्रकाशात चित्रफीत घेतली, तर ठिपक्यांचे सरकणे नंतर शांतपणे पाहता येते, आणि कोणत्या गटाचा प्राणी आहे हे न कळू देता दुसऱ्या व्यक्तीकडून गुण देता येतात.

टोचण्यातले अंतर हा वेगळा विषय. फार झटपट टोचत गेले तर सी तंतूंच्या मार्गात प्रतिसाद चढत जातो, आणि त्याच बिंदूवर पुन्हा पुन्हा टोचले तर त्वचा हुळहुळी होते किंवा प्राण्याला सवय होते. दोन्ही दिशांनी मोजणी बिघडते. प्रत्येक टोचणीत तीन ते पाच सेकंदांचे अंतर आणि प्रत्येक वेळी किंचित वेगळा बिंदू, ही रीत पाळावी.

त्वचेची तयारी मोजणीच्या सकाळी करू नये. केस काढण्याच्या यंत्राने बारीक ओरखडे पडतात, केशनाशक मलमाने त्वचा लाल होते, आणि अशी त्वचा काही तास जास्तच संवेदनशील राहते. आदल्या दिवशी केस काढावेत. माउसमध्ये आणखी एक गोष्ट आड येते: केसांच्या वाढीच्या चक्रानुसार त्वचेची जाडी बदलते. काळ्या माउसची पाठ भादरल्यावर काही ठिकाणी गुलाबी आणि काही ठिकाणी राखाडी-काळसर डाग दिसतात. काळसर भागात केसांची मुळे वाढीच्या अवस्थेत असतात आणि तिथली त्वचा जाड असते. एका प्राण्यात गुलाबी भागावर आणि दुसऱ्यात काळसर भागावर टोचले तर तोच जोर दोघांपर्यंत सारखा पोहोचत नाही. सर्व प्राण्यांत गुलाबी भागच निवडावा.

शुद्धीवर असलेल्या प्राण्यात मोजणी करायची असेल तर प्राण्याला आधी काही दिवस हाताळण्याची आणि धरून ठेवण्याच्या साधनाची सवय लावणे अपरिहार्य आहे. घाबरलेला प्राणी दोन उलट प्रकारे फसवतो: कधी अंग ताठ करून बसतो आणि वेदनेला प्रतिसादच देत नाही, तर कधी टोचण्याआधीच पाठ झटकतो.

ईएमजी आणि विद्युत उद्दीपन

डोळ्यांऐवजी इलेक्ट्रोड लावून स्नायूतल्या विजेची नोंद (ईएमजी) घेणाऱ्यांच्या तक्रारी वेगळ्या असतात, पण त्यांचेही मूळ तितकेच साधे असते. हा स्नायू अतिशय पातळ आहे आणि सुई-इलेक्ट्रोड थोडा खोल गेला की तो त्याच्या खाली असलेल्या पाठीच्या मोठ्या स्नायूत रुततो. मग नोंदीत श्वासाचा आणि अंगस्थितीचा ठोका येतो, चिमट्याचा येत नाही. इलेक्ट्रोड लावल्यावर त्या जागची त्वचा दोन बोटांनी हलकेच वर उचलावी; इलेक्ट्रोड त्वचेबरोबर वर आला तर तो योग्य थरात आहे. शिवाय आकुंचन स्थानिक असल्याने इलेक्ट्रोड एका टोकाला आणि चिमटा दुसऱ्या टोकाला अशी मांडणी केली तर कमी आयामाला प्राणी जबाबदार नसतो.

हृदयाचा ठोका नेहमीच मध्ये येतो. रॅटमध्ये मिनिटाला 300 ते 400 ठोके पडतात, म्हणजे दर 150 ते 200 मिलीसेकंदांना एक टोक. ते नियमित असते, त्यामुळे ओळखू येते. सुमारे 100 हर्ट्झखालचे भाग गाळून टाकल्यास त्याचा आणि हालचालीचा त्रास बराच कमी होतो. वीजपुरवठ्याची गुणगुण बहुधा गरम गादीतून येते. गादी क्षणभर बंद करून खात्री करावी आणि शक्य असल्यास गरम पाणी फिरवणारी गादी वापरावी. आणि प्राण्याला कृत्रिम श्वसनासाठी स्नायू शिथिल करणारे औषध दिले असेल तर ईएमजीत काहीच मिळणार नाही. तिथे पार्श्व वक्षीय चेतेवरूनच नोंद घ्यावी लागते.

त्वचा-चेतेला थेट विद्युत उद्दीपन देणाऱ्यांची नेहमीची तक्रार अशी: सुरुवातीचा प्रतिसाद मिळतो, उशिराचा मिळत नाही. याचे उत्तर अनेकदा गणितातच असते. चेता उद्दीपनाच्या जागेपासून मज्जारज्जूपर्यंत 40 मिलीमीटर लांब धरली आणि एडेल्टा तंतूचा वेग सेकंदाला 8 मीटर धरला, तर संदेश 5 मिलीसेकंदांत पोहोचतो. सी तंतूचा वेग 0.8 मीटर धरला तर त्याच अंतराला 50 मिलीसेकंद लागतात, आणि त्यात मज्जारज्जूतला आणि प्रेरक चेतेतला वेळ मिळवावा लागतो. उद्दीपनानंतरचे फक्त 50 मिलीसेकंद साठवण्याची खिडकी लावून बसले, तर सी तंतूंचा प्रतिसाद येऊन जातो आणि आपण तो पाहतच नाही. खिडकी किमान दोन-तीनशे मिलीसेकंदांची ठेवावी. त्यातून हृदयाचा एखादा ठोका आत येणारच, म्हणून ठोक्याशी न जुळणाऱ्या वेळी दिलेल्या अनेक उद्दीपनांची सरासरी काढावी.

खिडकी मोठी करूनही उशिराचा प्रतिसाद आला नाही, तर उद्दीपन सी तंतूंना पुरत नाही असे समजावे. त्यांना बराच जास्त प्रवाह आणि लांब स्पंद, साधारण एक मिलीसेकंदापर्यंतचा, लागतो, 0.1 मिलीसेकंदाच्या स्पंदाने जागे होतात ते जाड तंतू. ऋणाग्र मज्जारज्जूच्या बाजूला आहे ना, हेही पाहावे; उलट जोडल्यास धनाग्र संदेशाची वाट अडवू शकते. चेता कोरडी पडली तर ती काही वेळातच निकामी होते, आणि तिच्याभोवती द्रव साचला तर प्रवाह चेतेऐवजी द्रवातूनच निघून जातो. पॅराफिन तेलाचे छोटे तळे दोन्ही अडचणी सोडवते.

स्थानिक भुलीची चाचणी

ब्युलब्रिंग आणि वायडा यांनी 1945 मध्ये गिनीपिगमध्ये मांडलेली पद्धत आजही पायाभूत आहे: त्वचेत औषध टोचून फोड उठवायचा, अर्धा तास दर पाच मिनिटांनी सहा वेळा टोचायचे आणि 36 पैकी किती टोचण्यांना प्रतिसाद आला नाही ते मोजायचे. रॅटमध्ये त्वचेखाली 0.6 मिलीलीटर द्रव देऊन उठलेला सुमारे दोन सेंटिमीटरचा फोड शाईने आखून त्यात सहा वेळा टोचतात. सहापैकी एक टोचणी चुकीची वाचली की परिणाम जवळपास 17 टक्क्यांनी सरकतो, हे ध्यानात ठेवून मग वक्ररेषेतल्या लहानसहान उंचवट्यांचा अर्थ लावावा.

इथली नेहमीची तक्रार म्हणजे परिणाम प्राण्यागणिक फार बदलतो. पहिले कारण सुईची खोली. त्वचेच्या आतला फोड पांढुरका, घट्ट आणि कडा स्पष्ट असलेला उठतो. त्वचेखाली दिलेला द्रव मऊ, पसरट दिसतो आणि लवकर पांगतो. दोन्ही एका गटात मिसळले तर कालावधीत मोठा फरक पडणारच. दुसरे, फोडाच्या कडेची संवेदना मध्याच्या आधी परतते, आणि शाईची रेघ पुसट झाल्यावर टोचण्या नकळत कडेकडे सरकतात. तिसरे, पाठीच्या सगळ्या जागा सारख्या संवेदनशील नसतात, म्हणून एकच मात्रा कायम पुढच्या आणि दुसरी कायम मागच्या जागेवर देऊ नये. जागा आलटून पालटून वापरावी.

सर्वांत फसवे कारण चौथे आहे. त्वचेखाली दिलेले औषध त्वचेतल्या संवेदी तंतूंपाशी न थांबता खालच्या पातळ स्नायूत आणि त्याच्या प्रेरक तंतूंतही झिरपते. स्नायूचे आकुंचन स्थानिक असल्याने फोडाखालचा पट्टाच लुळा पडतो, आणि संवेदना शाबूत असतानाही तिथली त्वचा हलत नाही. फोडावरच नजर खिळवणारा निरीक्षक याला पूर्ण बधिरता म्हणतो. विरुद्ध बाजूचा स्नायू हलतो का हे पाहिले तर खरे काय ते कळते: तो हलला तर संवेदना पोहोचली आहे. त्याचप्रमाणे नियंत्रण जागा फोडाच्या मागच्या बाजूला, त्याच चेतेच्या पुढच्या वाटेवर निवडू नये. चेतेचे खोडच फोडातून जात असेल तर नियंत्रण जागाही बधिर होते आणि औषध साऱ्या शरीरात पसरले असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

मज्जारज्जूच्या इजेत

इजेखालच्या त्वचेचा प्रतिसाद जातो आणि वरचा राहतो, म्हणून या क्रियेची सीमारेषा आखून इजेचा विस्तार पाहता येतो; बोर्गन्स, ब्लाइट आणि मॅकगिनिस यांनी 1987 मध्ये अर्धा मज्जारज्जू छेदलेल्या गिनीपिगमध्ये विद्युतक्षेत्राचा परिणाम याच क्रियेवरून तपासला होता. सीमारेषा दर आठवड्याला वरखाली सरकत असेल तर ती पुनर्प्राप्ती मानण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. त्वचा मणक्यांवरून सहज सरकते आणि प्राण्याची पाठ वाकवली-सरळ केली की सीमेचे मणक्याशी नाते बदलते. शिवाय त्वचा-चेता मणक्यातून निघाल्यावर मागच्या दिशेने उतरून त्वचेत शिरतात, त्यामुळे सीमारेषा इजेच्या मणक्याच्या मागेच दिसते. त्वचेवर गोंदलेले किंवा टिकाऊ शाईचे ठिपके हेच मोजमापाचे आधारबिंदू असावेत, आणि प्राण्याची स्थिती प्रत्येक वेळी सारखी असावी.

इजा न केलेल्या, केवळ चिरा दिलेल्या गटातही चिऱ्याजवळ प्रतिसाद हरवलेला असेल, तर मज्जारज्जूकडे पाहू नये. मणका उघडताना त्वचा स्नायूपासून बोटाने किंवा कात्रीने दूरवर सोडवली की तिथून वर येणाऱ्या त्वचा-चेता तुटतात. त्वचा मध्यरेषेपासून आवश्यक तेवढीच बाजूला करावी, आणि चिऱ्यालगतचा पट्टा सीमारेषेच्या आखणीतून सर्वच गटांत वगळावा.

आधी घेतलेल्या नोंदी

दोष सापडल्यानंतर जुन्या नोंदींचे काय करायचे, हा प्रश्न उरतो. ज्या प्राण्यांत नियंत्रण जागेचा प्रतिसाद त्याच वेळी नोंदलेला आहे त्यांच्या नोंदी ठेवता येतात. ज्यांच्यात तो नाही, पण सत्राची चित्रफीत आहे, त्यांची चित्रफीत गट न सांगता दुसऱ्याकडून पुन्हा पाहून घ्यावी. अनेकदा विरुद्ध बाजूची थरथर तिथे स्पष्ट दिसते. चित्रफीतही नाही आणि नियंत्रण नोंदही नाही, असे शून्य सरासरीत धरू नयेत. त्यांची संख्या आणि वगळण्याचे कारण निष्कर्षांसोबत लिहावे, आणि वगळण्याची अट औषधगटाला व नियंत्रण गटाला एकच, गटांची नावे उघड करण्याआधी ठरवलेली, असावी.